तिसरा की पाचवा

"पाचवा," मेल्विन म्हणाला.

आयव्हर प्रॉबर्टने वहीत 'तिसरा' असं लिहायला सुरुवातही केली होती. गेली एकोणीस वर्षं मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी तो हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर येण्याआधीच लिहून मोकळा व्हायचा. त्याने पेन्सिल उचलली आणि चष्म्यावरून बघितलं.

"काय म्हणालास?"

"पाचवा लिही. डेस्मंडचंच बरोबर असेल."

बोल्स क्लबच्या मागच्या खोलीत त्या दुपारी अकरा जण होते. अकराही जणांनी मेल्विनकडे बघितलं. खिडकीबाहेर हिरवळीवर दोन म्हातारे वाकून लाकडी गोळे घरंगळवत होते, त्यांची टकटक तेवढी ऐकू येत राहिली. मेल्विनच्या शेजारी बसलेल्या डेस्मंड ओल्डनोने बिअरचा ग्लास तोंडापर्यंत नेला होता, तो तसाच खाली ठेवला.

"चेष्टा करतोस?"

"नाही."

"मग परत म्हण."

"पाचवा. 'कॉपर ऑर्चर्ड'. अल्बम चांगला आहे," मेल्विन म्हणाला आणि शेंगदाण्यांची वाटी पुढे ओढली.

डेस्मंड उठला, टोपी घेतली आणि निघून गेला. ग्लास अर्धा भरलेला राहिला. 'साइड टू सोसायटी' या त्यांच्या गाणी ऐकायच्या मंडळाच्या बैठकीतून तो असा उठून यापूर्वी एकदाच गेला होता, आणि तेव्हा त्याच्या घरात पाणी शिरल्याचा फोन आला होता.

बाहेरच्याला हे कळायचं नाही. बेल्पर गावातली ही दहाबारा माणसं दर महिन्याला जमून पन्नास वर्षांपूर्वीची लांबलचक गाणी ऐकतात आणि त्यांवरून भांडतात, एवढंच गावाला माहीत होतं. ज्या गाण्यांत एक सूर सुरू झाला की तो संपेपर्यंत चहा गार होतो, ज्यांत बासरी असते, ऑर्गन असतं, सात मात्रांचे नाही तर अकरा मात्रांचे ताल असतात आणि कुठल्यातरी बुडालेल्या शहराची गोष्ट असते, ती गाणी. सप्टेंबरात त्यांचा वार्षिक दिवस असे. त्या दिवशी ज्याला जो अल्बम प्यारा, त्यावर त्याने पाच मिनिटं उभं राहून बोलायचं आणि मग तो अल्बम सगळ्यांनी ऐकायचा, असा शिरस्ता होता. कोण कशावर बोलणार याची यादी मे महिन्यात व्हायची. आणि त्या यादीत, काही झालं तरी, हॉलिन वेअर या बँडच्या तिसऱ्या अल्बमपुढे मेल्विन हॅलम आणि पाचव्यापुढे डेस्मंड ओल्डनो ही दोन नावं असायचीच.

दोघांची ओळखच या भांडणातून झाली होती. १९७५ साली डर्बीच्या एका सभागृहाबाहेर, तिकिटांच्या रांगेत. मेल्विन तेव्हा लिफ्ट दुरुस्तीचं काम शिकत होता, डेस्मंड पहाटे पावाची गाडी घेऊन गावोगाव फिरायचा. पाचवा अल्बम नुकताच आला होता. डेस्मंड रांगेत उभा राहून त्यातलं एक गाणं शिटीवर वाजवत होता. पुढच्या पोराने मागे वळून सांगितलं, की शिटीवर वाजवता येतं तीच तर त्या अल्बमची अडचण आहे. तो पोरगा मेल्विन. चव्वेचाळीस वर्षं झाली, वाद तिथून पुढे सरकला नव्हता.

मेल्विनचं म्हणणं असं, की बँडने आयुष्यात एकदाच खरं धाडस केलं, ते तिसऱ्या अल्बममध्ये. 'सॉल्ट अल्मनॅक', मिठाचं पंचांग. त्याच्या दुसऱ्या बाजूला तेवीस मिनिटांचं एकच गाणं आहे. त्यात गायक चौदाव्या मिनिटाला येतो. "तोपर्यंत बँडमध्ये गायक आहे हेच आपण विसरलेलो असतो," मेल्विन सांगायचा, "आणि मग तो येतो तो घरातलाच कुणीतरी दुसऱ्या खोलीतून बोलावं तसा." ढोलवाला सबंध गाणंभर असा हलक्या हाताने वाजवतो, जणू शेजारी कुणी आजारी माणूस झोपलाय. मेलोट्रॉन, म्हणजे ते टेपांवर चालणारं अवजड वाद्य, मध्येच थोडं बेसूर होतं आणि त्यांनी ते तसंच ठेवलं. दुसऱ्या कुणी पुसून टाकलं असतं. पाचव्या अल्बमपर्यंत हेच लोक पुसायला शिकले होते, असं मेल्विनचं मत.

"तेवीस मिनिटांत माझी अर्धी गाडी पाव वाटून होते," डेस्मंड म्हणायचा. "आणि तुझा बासरीवाला अजून गुरं शोधत फिरतोय." त्याच्या मते माणसाला गाणं घरी घेऊन जाता आलं पाहिजे. पाचव्यात सात गाणी आहेत आणि सातही खिशात मावतात.

या वादापायी १९८१ साली दोघं आठ महिने एकमेकांशी बोलले नव्हते. तोवर सगळ्याच बँडांनी केस कापले होते, ढोलवाल्यांच्या जागी यंत्रं आणली होती, आणि मेल्विन म्हणाला होता की या वाटेचा पहिला दगड 'कॉपर ऑर्चर्ड'ने रचला. डेस्मंडने ते मनाला लावून घेतलं. मेल्विनच्या लग्नात तो नवऱ्याचा पाठराखा होता. त्या भाषणातही त्याने तिसऱ्या अल्बमला चिमटा काढला आणि नवरीच्या, ग्लेनिसच्या, आईला वाटलं, हा जावयाच्या आधीच्या दोन प्रेमप्रकरणांबद्दल बोलतोय.

*

फेब्रुवारीत एका सकाळी टोस्टला लोणी लावताना मेल्विनच्या हातातली सुरी पडली. ती उचलायला गेला तर उजवा हात त्याचा राहिला नव्हता. ग्लेनिसने त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि फोन केला. चार दिवसांत हात परत आला, बोलणं परत आलं, डाव्या-उजव्याचा थोडा गोंधळ होता तोही गेला. "मेंदूचा झटका अगदी छोटा होता," तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नशीबवान आहात, मिस्टर हॅलम." मेल्विनने आभार मानले. त्रेसष्टाव्या वर्षी त्याला कामावरून लवकर मोकळं केलं, सहकाऱ्यांनी एक घड्याळ दिलं.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी त्याने वरच्या खोलीत जाऊन 'सॉल्ट अल्मनॅक'ची दुसरी बाजू लावली आणि नेहमीच्या खुर्चीत बसला.

सगळं ऐकू आलं. बासरी आली, थांबली. डावीकडून गिटार. सात मात्रा, सात मात्रा, मग आठ. मेलोट्रॉन बेसूर झालं ते बरोबर तिथेच. चौदाव्या मिनिटाला गायक आला. कुणीतरी सामानाची यादी वाचून दाखवावी आणि आपण प्रत्येक वस्तूला 'आहे, आहे' म्हणावं, तसं ते तेवीस मिनिटं चाललं. सुई आत सरकून खरखरू लागली. त्याने ती उचलून ठेवली.

थकवा असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी परत लावली. मग दुसऱ्या तबकड्या काढल्या. 'ला तोर्रे मुता' हा त्याचा लाडका इटालियन बँड. न लाजता रडावं ते इटालियनांनीच, इंग्रज माणूस रडायचं झालं की ऑर्गनमागे लपतो, असं तो नेहमी सांगायचा. काही झालं नाही. शेवटी त्याने 'मार्बल एम्परर' लावला. या बँडचा त्याला मनापासून तिटकारा. जिथे एक सूर पुरतो तिथे चाळीस, ढोलवाला ढोलांसकट गोल फिरणार, आणि तीन तबकड्यांचा तो थेट कार्यक्रमाचा अल्बम, ज्यात एका बाजूभर फक्त टाळ्याच आहेत असं वाटावं. भेट मिळालेला म्हणून घरात होता. मेल्विनने तो सबंध ऐकला. राग आला नाही. तेव्हा त्याने यंत्राचं झाकण लावलं आणि खाली येऊन बटाटे सोलले.

पुढच्या तपासणीला त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्यांनी कानांची तपासणी करवली. कान त्याच्या वयाच्या मानाने उत्तम निघाले. "असं होतं कधीकधी," त्या म्हणाल्या. "ऐकू सगळं येतं, फक्त त्यातली मजा जाते. बाकी कशात रस वाटतो ना? जेवण? फिरणं?"

"हो."

"मग काळजी नको. कधी परत येतं."

"कधी येत नाही?"

"कधी येत नाही," त्या म्हणाल्या आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

हे त्याने कुणाला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. सांगण्यासारखं त्यात काय आहे तेच त्याला कळेना. दुखत असतं तर दुखतंय म्हणता आलं असतं.

ग्लेनिसला ते आपोआप कळलं. तिने तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली होती, आणि घरी आल्यावर शांतता हवी म्हणून रोज जिन्याखालून ओरडायची, "दार लाव, मेल! तुझे ते ऑर्गनवाले माझ्या डोक्यात शिरतात!" आता वरून काहीच येत नव्हतं. पहिला महिना तिला बरं वाटलं. मग एकदा इस्त्री करता करता ती थांबली आणि आपल्याला बरं वाटतंय याचीच तिला लाज वाटली. तिने वर जाऊन, कपाटात शोधून, स्वतःच्या हाताने तो तिसरा अल्बम लावला आणि दार उघडं ठेवून खाली आली. मेल्विन टेबलाशी पेपर वाचत होता. त्याने मान वर केली नाही. बासरी सुरू झाली तशी ग्लेनिस इस्त्री फिरवत गुणगुणू लागली. भिंतीपलीकडून चाळीस वर्षं ऐकून तिला प्रत्येक वळण पाठ झालं होतं.

"बरोबर गुणगुणतेस," मेल्विन म्हणाला आणि पान उलटलं.

तिने इस्त्री उभी करून ठेवली आणि नळ सोडून बराच वेळ हात धुतले.

*

मे महिन्यातल्या त्या बैठकीनंतर दोन दिवसांनी डेस्मंड दारात उभा होता. टोपी हातात, मान लाल.

"मेल आहे का घरात?"

"चहा टाकते," ग्लेनिस म्हणाली.

"चहा नंतर. आधी याला विचारायचंय." तो मेल्विनसमोर खुर्ची ओढून बसला. "सरळ सांग. पॉलीनमुळे का?"

पॉलीन ही डेस्मंडची बायको. गेल्या ऑक्टोबरात ती गेली. घर, बाग आणि मांजर मागे राहिलं. ते मांजर डेस्मंडला ओळख देत नव्हतं.

"पॉलीनचा काय संबंध?" मेल्विन म्हणाला.

"तोच विचारतोय मी. बायको गेली, एकटा पडलाय, घालू याला एक तुकडा. असंच ना? अरे, चव्वेचाळीस वर्षं मी तुला एक इंच हलवू शकलो नाही. आणि तू शेंगदाणे खाता खाता मला जिंकू देतोस? सगळ्यांसमोर? दया करतोस माझ्यावर?"

"नाही रे."

"मग काय ते बोल!"

मेल्विनने थोडा विचार केला. उत्तर साधं होतं, तरी शब्द जुळवायला वेळ लागला. "मला दोन्ही सारखेच वाटतात, डेस. तिसरा, पाचवा. आमचा हा फ्रीज चालू होतो ना, तो पण. आत काही जातच नाही. फेब्रुवारीपासून."

डेस्मंडने ग्लेनिसकडे बघितलं. ती कपात साखर घालत होती. तिने चौथा चमचा घातला तेव्हा तिच्या ते लक्षात आलं.

"वर चल," डेस्मंड म्हणाला.

वर जाऊन त्याने 'सॉल्ट अल्मनॅक' लावला आणि संगीताकडे पाठ करून मेल्विनच्या तोंडाकडे बघत बसला. मेल्विनने त्याला बरं वाटावं म्हणून सगळं सांगितलं: आता बासरी थांबेल, आता डावीकडून गिटार. एकही चूक नव्हती. लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून, वर कुठलं चाक घासतंय ते तो साहेबांना असंच सांगायचा.

"बेसूर झालं बघ," तो म्हणाला. "इथे."

"ते मला माहितीये, लेका," डेस्मंड म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला. "ते तूच मला दाखवलंस."

त्यानंतर डेस्मंडने हट्टच धरला. आठवड्यातून दोनदा तो काहीतरी काखेत मारून यायचा. कधी एखादी जुनी टेप, ज्यात कुणीतरी खिशात यंत्र लपवून कार्यक्रम उतरवला होता आणि बँडपेक्षा शेजारच्याचा खोकलाच जास्त. कधी नॉर्वेच्या पोरांचा नवा बँड. एकदा तर मासळीच्या तेलाच्या गोळ्या आणल्या, मेंदूला चांगल्या असतात म्हणून. मेल्विन सगळं ऐकायचा आणि गोळ्याही घ्यायचा. त्याला त्याचं काही ओझं नव्हतं. डेस्मंड आला की ग्लेनिसला बरं वाटतं, एवढं त्याने हेरलं होतं.

*

जूनमध्ये डेस्मंड दोन तिकिटं घेऊन आला. ती त्याने टेबलावर ठेवली आणि मेल्विनपुढे सरकवली.

हॉलिन वेअरमधले जे तिघं अजून हयात होते ते शेफील्डला येणार होते आणि तिसरा अल्बम सबंध वाजवणार होते. दुसऱ्या बाजूचं ते गाणं त्यांनी १९७६ नंतर कुठेच वाजवलं नव्हतं. मेल्विनने त्यासाठी बँडला चार पत्रं लिहिली होती, शेवटचं १९९४ साली. कार्यक्रम रविवारी दुपारी तीनला होता. वाजवणारेच पंचाहत्तरीला टेकलेले. नऊनंतर त्यांनाही जागवत नसणार.

डेस्मंडने गाडी चालवली. वाटेत त्याने एकदाही शिटी वाजवली नाही.

सभागृहात सगळीकडे पांढरी डोकी आणि गुडघ्यांना जपून पायऱ्या उतरणारे पाय. त्यांच्या जागा मधोमध होत्या, सातवी रांग. तिघं म्हातारे वाद्यांमागे आले. बासरीवाल्याच्या जागी त्याची मुलगी होती. पहिली बाजू झाली. मग दिवे थोडे मंद केले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूचं गाणं सुरू केलं.

मेल्विनने नीट लक्ष दिलं. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं हे त्याला माहीत होतं, आणि स्टेशनवर एखाद्याला घ्यायला गेलेला माणूस उतरणाऱ्या प्रत्येकाकडे बघतो तसं तो प्रत्येक सुराकडे बघत राहिला. मुलगी बापापेक्षा स्वच्छ वाजवत होती. ढोलवाल्याला मनगटाचा त्रास असावा, तो सातव्या मात्रेला किंचित मागे पडत होता. छताजवळच्या एका पंख्याचं बेअरिंग जायला आलं होतं. महिन्याभरात ओरडायला लागेल. बाहेर जायच्या दारावरची हिरवी पाटी एका कोपऱ्यात लुकलुकत होती. चौदावं मिनिट आलं. गायकाचा आवाज आता फाटला होता, त्याने वरचा सूर सोडून दिला आणि खालचा घेतला. आजूबाजूला लोकांनी श्वास धरल्याचं मेल्विनला जाणवलं.

शेजारून विचित्र आवाज आला म्हणून त्याने वळून बघितलं. डेस्मंड रडत होता. गालांवरून ओघळ, तोंड उघडं, टोपी दोन्ही हातांनी छातीशी दाबलेली. पॉलीनच्या दफनाच्या दिवशी तो पाव भाजायच्या तापमानाविषयी बोलत होता. तेव्हा त्याला कुणी रडताना बघितलं नव्हतं. मेल्विनने खिशातून रुमाल काढून त्याच्या मांडीवर ठेवला.

परतताना ते एका गावात तळलेले मासे आणि बटाट्याचे काप घ्यायला थांबले. सहा वाजले होते, ऊन अजून भिंतींवर होतं. दोघं कठड्यावर बसून कागदातून खाऊ लागले. डेस्मंडने व्हिनेगर जास्त ओतलं.

"त्याबद्दल कुणाला बोलायचं नाही," तो म्हणाला.

"कशाबद्दल?"

"माहितीये तुला कशाबद्दल." त्याने एक काप उचलला, परत ठेवला. "मला तो अल्बम आवडत नाही. आजही नाही. बासरी गुरं शोधतेच आहे. गायक तिथे चौदाव्या मिनिटाला आला आणि मला वाटलं, आता मेलला होईल. आता होईल. मी तुझ्याकडे बघितलं तर तू पंख्याकडे बघत होतास."

"त्याचं बेअरिंग गेलंय."

"हो ना." डेस्मंडने नाक पुसलं, मेल्विनच्याच रुमालाने. "ते रडणं तुझं होतं, राजा. पत्ता चुकून माझ्याकडे आलं."

मासा चांगला तळला होता, तसं मेल्विनने सांगितलं.

"चांगला आहे," डेस्मंड म्हणाला. "आणि आता गोळ्या बंद कर. काही उपयोग नाही त्यांचा."

त्या दिवसापासून त्याने काखेत काही मारून यायचं सोडलं. येत मात्र राहिला. मंगळवारी आणि शुक्रवारी. तो आणि मेल्विन कुंपणाच्या फळ्या बदलायचे, नाही तर नदीकाठाने गिरणीपर्यंत जाऊन यायचे. चालताना डेस्मंड कधीकधी विचारायचा, "तू ते ढोलवाल्याबद्दल काय म्हणायचास? शेजारी कोण झोपलंय?"

"आजारी माणूस."

"आणि मेलोट्रॉनचं? पुसण्याचं?"

मेल्विन सांगायचा. त्याला वाटायचं, चालताना काहीतरी बोलायला हवं म्हणून हा विचारतो.

*

सप्टेंबरातला वार्षिक दिवस. खोलीत खुर्च्या कमी पडल्या. ग्लेनिस यंदा पहिल्यांदाच आली होती, मागच्या भिंतीला टेकून उभी होती. आयव्हर प्रॉबर्ट निवृत्त भूगोलाचा मास्तर, त्यामुळे कार्यक्रम नकाशासारखा आखलेला. मॅरियन वाचनालयात काम करायची, सोसायटीतली सगळ्यात तरुण, पन्नाशीची. ती एका नव्या स्वीडिश बँडवर बोलली आणि शेवटी म्हणाली, "एक बरं झालं. यंदा 'सॉल्ट अल्मनॅक'च्या नावाने कुणी उभं नाही. मला कायम वाटायचं, पण मेलसमोर बोलायची सोय नव्हती. ते गाणं म्हणजे चार हुशार पोरांनी केलेला सरगमचा रियाज आहे. तेवीस मिनिटांचा."

दोघंतिघं हसले. सगळे मेल्विनकडे वळले. त्याने आता फाडून खायला हवं होतं. मेल्विनने तिच्या म्हणण्यावर विचार केला. तसंही म्हणता येईल, असं त्याला वाटलं. त्याने होकारार्थी मान हलवली.

हसणं थांबलं. मॅरियनचा चेहरा उतरला.

"पुढे डेस्मंड," आयव्हर घाईने म्हणाला. "'कॉपर ऑर्चर्ड', पाचवा."

डेस्मंड पुढे गेला. त्याने कोट घातला होता. खिशातून एक पाकीट काढलं, त्याच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं होतं. ते लांब धरून बघितलं आणि परत खिशात ठेवलं.

"पाचव्यावर आज कुणी बोलणार नाही," तो म्हणाला. "मी तिसऱ्यावर बोलतो. मेलचा घसा बसलाय."

"याचा घसा?" कुणीतरी विचारलं.

"बसलाय म्हटलं ना! डॉक्टरांनी बोलायची मनाई केलीये. म्हणून मी." त्याने घसा खाकरला. "मॅरियन, तू रियाज म्हणालीस. मी त्याहून वाईट बोललोय त्याला. चव्वेचाळीस वर्षं मी हा अल्बम फक्त नावं ठेवायला ऐकला. त्यामुळे या खोलीत माझ्याइतका तो कुणी ऐकलेला नाही, एक मेल सोडून. तेव्हा ऐका. ढोलवाल्यापासून सुरुवात करू. तो कसा वाजवतो? शेजारी आजारी माणूस झोपलाय तसा. मला वाटायचं, हा कामचुकार आहे. पण शेजारी कुणी खरंच आजारी असलं, की कळतं. जिन्यावरून चालायचं कसं, दार लावायचं कसं, ते सगळं त्या ढोलात आहे. मी मागच्या वर्षी तसा चाललोय सबंध उन्हाळा."

त्याने खिशातलं पाकीट चाचपलं आणि तिथेच राहू दिलं.

मग तो मेलोट्रॉनवर बोलला, बेसूर जागा न पुसण्यावर बोलला, बासरी वाक्य अर्धवट टाकून जाते त्यावर बोलला. शब्द मेल्विनचे होते. मध्येच पावाची गाडी यायची, मध्येच तो अडखळायचा, पण मुद्दे त्याच क्रमाने येत होते. मेल्विन पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. आपला जुना कोट दुसऱ्या कुणाच्या अंगावर दिसावा तसं त्याला ते दिसलं. खांद्यांवर जरा घट्ट होत होता, तरी बसत होता.

"आणि सोळाव्या मिनिटाला," डेस्मंड म्हणाला, "जेव्हा आपण विसरलेलो असतो की यांच्यात कुणी गाणारा आहे, तेव्हा तो येतो. दुसऱ्या खोलीतून घरातल्या माणसाने हाक मारावी तसा. ज्याचं घर रिकामं आहे ना, त्याने हे ऐकून बघावं. मग मला सांगा रियाज आहे का." त्याने टोपीसाठी डोक्याला हात लावला, टोपी नव्हती. "एवढंच. मेलने याहून चांगलं सांगितलं असतं."

चौदाव्या, सोळाव्या नाही. मेल्विनच्या ते लक्षात आलं आणि त्याने ते तिथेच सोडून दिलं.

टाळ्या पडल्या. मॅरियन उभी राहून वाजवत होती, मागे ग्लेनिसने तोंड खिडकीकडे वळवलं होतं. मेल्विननेही हात वर घेतले आणि टाळ्या वाजवू लागला, डेस्मंडकडे बघत, एका लयीत, नीट. हळूहळू बाकीच्यांच्या टाळ्या विरल्या, खुर्च्या सरकल्या, आयव्हर तबकडी काढायला वाकला. कधी थांबायचं ते न कळून मेल्विन अजून वाजवतच होता.